करंजाखालची दुपार

काळेवाडीतल्या आमच्या गल्लीचं कागदोपत्री नाव साईपुष्प कॉलनी, पण रिक्षावाल्याला कुणी ते सांगत नाही. 'करंजाच्या गल्लीत सोडा' म्हटलं की तो बरोबर आणून सोडतो. गल्ली मध्यावर जरा फुगते आणि तिथं करंजाचं जुनं झाड आहे. झाडाभोवती गोल कट्टा होता. त्या कट्ट्यावर दत्तोबाकाका बसायचे.

दत्तोबाकाकांबद्दल लिहायचं तर आधी सुमनताईंबद्दल लिहावं लागतं, कारण काकांना बाहेर आणून बसवणाऱ्या त्याच. ही दोघं भूम तालुक्यातली. काका चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला होते. करोना ओसरल्यावर एका सकाळी शिफ्टला निघताना त्यांना बूट घालता येईना. उजवी बाजू गेली ती गेलीच. बोलणंही अर्धं राहिलं. शब्दाची सुरुवात तोंडातच विरघळायची आणि नुसतं शेपूट बाहेर यायचं. सुमनताई त्यांच्या चेहऱ्याकडे बघून पुढचं ओळखायच्या. "पाणी नको म्हणतेत, गूळ मागतेत," असं त्या सांगायच्या आणि काका मान हलवायचे. आम्हाला कुणालाच ते जमलं नाही.

घर चालवायला सुमनताईंनी डबे सुरू केले. महाळुंगे, चाकण, भोसरीला जाणारी आमच्यासारखी एकटी मुलं गल्लीत पुष्कळ. मी महाळुंग्यात एका कंपनीत क्वालिटीला आहे आणि माझाही डबा त्यांच्याकडूनच येतो. खोली एकच, बैठ्या चाळीतली, वर पत्रे. त्याच खोलीत दोन शेगड्या, कणकेची परात, भाजीचं पातेलं आणि काकांची कॉट. सेकंड शिफ्टचे डबे गेले की नाइटच्या डब्यांची तयारी. उन्हाळ्यात दुपारी त्या खोलीत पाय टाकला की बॉयलर रूममध्ये शिरल्यासारखं वाटतं. वरून पत्रा आणि खालून तवा. सुमनताईंना तिथं उभं राहणं भाग होतं. काकांना तिथं ठेवणं शक्य नव्हतं.

म्हणून दुपार झाली की त्या काकांचा डावा हात आपल्या खांद्यावर घेत, गल्ली ओलांडत आणि करंजाला पाठ टेकवून त्यांना कट्ट्यावर बसवत. खाली गोधडी, शेजारी पाण्याची बाटली. पोळ्या लाटता लाटता मान वर केली की दारातून काका दिसायचे.

आणि काका तिथं नुसते बसून नसायचे. कामाला जाणाऱ्या बायका त्यांच्याकडे किल्ल्या ठेवायच्या. कुरिअरवाला पार्सल त्यांच्या मांडीवर ठेवून जायचा. सेकंड शिफ्टच्या बसची वाट बघणारी मंडळी त्यांच्या शेजारी टेकायची.

"काय दत्तोबा सुपरवायझर, आज बसला कोण कोण आलं नाही?" एखादा विचारायचा.

काका डाव्या हातानं मिशीवरून बोट फिरवायचे, म्हणजे मिशीवाले भाऊ आज आले नाहीत. मग सगळे हसायचे. तीन-चार तास असे जायचे. संध्याकाळी काका घरात जायचे तेव्हा त्यांचा चेहरा कामावरून परतलेल्या माणसासारखा असायचा.

चिंचवडला ऑफिस असलेली एक संस्था आमच्या गल्लीत आली ती अशा वेळी. गल्ल्या चालण्याजोग्या कराव्यात, पाणी साचू नये, सावली वाढावी, आणि हे सगळं तिथल्या लोकांना विचारून करावं, असं त्यांचं काम. पैसा एका कंपनीच्या सामाजिक निधीचा. त्यांची प्रमुख दीक्षा, नगररचना शिकलेली, साधारण माझ्याच वयाची. ती पहिल्यांदा आली ती पावसाळ्यात, आणि गुडघाभर पाण्यातून गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. तिथंच गल्लीला ती आवडली. आमच्याकडे दरवर्षी डेंग्यूचे पेशंट निघायचे. गटार भरलं की पाणी थेट चाळीच्या उंबऱ्याला लागायचं. आजवर बघायला येणारे लोक गाडीची काच खाली करून बघून गेले होते.

एका रविवारी तिनं बायकांना बोलावलं. कट्ट्याजवळ सतरंजी अंथरली आणि तिच्यावर गल्लीचा मोठा नकाशा पसरला. वारा होता, म्हणून नकाशाचं एक टोक धरायला मी बसलो. मला नकाशे वाचता येतात, एवढीच माझी पात्रता.

पाहुणे येणार म्हणून सुमनताईंनी सकाळपासून तयारी केली होती. बचत गटाच्या अध्यक्ष त्याच. कट्टा धुऊन घेतला, पुढं रांगोळी काढली. रविवारी डब्यांना सुट्टी असते, तेव्हा शेगड्या बंद होत्या. काकांची दाढी करून, पांढरा शर्ट घालून त्यांना आत कॉटवर पंख्यासमोर बसवलं होतं. घर आवरताना आपण काही वस्तू आत सरकवतो, तसं.

हे नवीन नव्हतं. आदल्या वर्षी सुमनताईंची थोरली जाऊ चतुराबाई गावाहून एका लग्नाला आली होती. रिक्षातून उतरता उतरता तिला काका कट्ट्यावर दिसले आणि ती चार माणसांत म्हणाली, "भाऊजींला चव्हाट्यावर बसवलंय व्हय गं? घरात जागा न्हाई का नवऱ्याला?"  तेव्हापासून बाहेरचं कुणी येणार असलं की काका आत जात. पाहुणे गेले की परत बाहेर.

दीक्षानं चिकटवायच्या गोल टिकल्या वाटल्या, हिरव्या आणि लाल.

"हिरवी म्हणजे आवडती जागा. जिथं तुम्ही निवांत बसता, जिथं बरं वाटतं. लाल म्हणजे जिथं भीती वाटते, जिथून जायला नको वाटतं," ती म्हणाली.

बायका एकमेकींकडे बघून हसल्या.

"निवांत?" जयमाला म्हणाली. ती माझ्या खालच्या मजल्यावर राहते, जिभेनं तिखट. "निवांत बसायला आम्ही काय रिटायर झालोय का मॅडम?"

"अहो, पण संध्याकाळी थोडा वेळ तरी..."

"संध्याकाळी मेथी कोण निवडणार?"

पुन्हा हसू. आता यातली गंमत अशी की मेथी निवडायला त्या सगळ्या कट्ट्यावरच यायच्या. पण हातात काम असलं की आमच्याकडे त्याला बसणं म्हणत नाहीत. बसणं म्हणजे रिकामं बसणं, आणि रिकामी तर एकही नव्हती. त्या खोटं बोलत नव्हत्या.

"बाईमाणूस रस्त्यावर बसलं की लोक म्हणतेत हिला घरात कामधंदा न्हाई," सुमनताई समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "बसायचं तर देवळात. तिथं कोण नाव ठेवत न्हाई." आणि त्यांनी पहिली हिरवी टिकली मोठ्या रस्त्यापलीकडच्या मारुतीच्या देवळावर लावली. मग सगळ्यांनीच तिथं लावल्या. देऊळ हिरवंगार झालं.

लाल टिकलीची वेळ आली तेव्हा जयमालानं कट्ट्याकडे बोट दाखवलं. अंधार पडला की तिथं मोटरसायकली लावून पोरं बसत, सिगारेटी ओढत, मोबाइल मोठ्यानं वाजवत. तिची मुलगी क्लासहून यायची ती त्यांच्यामुळे मागच्या बोळातून. हे खरंच होतं. बायकांनी सुमनताईंकडे पाहिलं. अध्यक्ष म्हणून पहिली लाल टिकली त्यांनीच लावायची होती. त्यांनी ती लावली.

"ताई, काका बसतात की दुपारी तिथं," मी म्हणालो.

डबा न घासता परत दिला की त्या बघतात तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ते आपलं कधीमधी," त्या दीक्षाला म्हणाल्या. "आजारी माणूस हो, त्याला घरातच बरं वाटतं. तुमी चहा घ्या म्याडम, गार व्हायला लागला."

दीक्षानं मान वर करून कट्ट्याकडे पाहिलं. कट्टा धुतलेला, स्वच्छ, रांगोळी काढलेला आणि रिकामा होता.

नंतर ती दोनदा दुपारीही पाहणीला येऊन गेली. पण ती येणार म्हटलं की आधी फोन करायची. आपल्या कामात ती इतकी सभ्य होती. फोन सुमनताईंनाच यायचा.

महिनाभरानं नानासाहेबांच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बैठक झाली. नानासाहेब इथले मूळचे, एके काळी ही सगळी जमीन त्यांच्या वडिलांच्या नांगराखालची. सुमनताईंची चाळही त्यांचीच. दीक्षानं भिंतीवर मोठा फ्लेक्स लावला. नवी पावसाळी गटारं, दोन्ही बाजूंनी फूटपाथ, मोटरसायकलींचा वेग कमी करणारे उंचवटे, देवळासमोर बाक. करंज राहणार, कट्टा जाणार. कट्ट्यामुळं फूटपाथ तुटत होता आणि गटाराची लाइन तिथूनच न्यावी लागत होती. शिवाय ती जागा बायकांनी स्वतःच नको म्हणून सांगितलेली. माझ्या मते आराखडा उत्तम होता. अजूनही मला त्यात हिशेबाची चूक सापडत नाही.

"कट्टा आमच्या वडलांनी बांधल्याला," नानासाहेब पुढच्या खुर्चीवरून म्हणाले. "पर रस्ता हुत आसंल तर घ्या काढून. आमी लोकांच्या कामाला कधी नडलो न्हाई."

टाळ्या वाजल्या. टाळ्या थांबता थांबता सुमनताई उभ्या राहिल्या. मनगटापर्यंत कणीक वाळलेली.

"म्याडम, कट्टा ऱ्हाऊ दिला तर न्हाई का चालणार?"

"अहो ताई," मागून जयमाला म्हणाली, "लाल टिकली तर तुम्हीच लावली. आता काय त्या सिगारेटवाल्या पोरांशी दोस्ती झाली का?"

लोक हसले. सुमनताईही ओशाळं हसल्या.

दीक्षा मात्र हसली नाही. तिनं हातातला पेन खाली ठेवला आणि विचारलं, "ताई, कुणी वापरतं का तो कट्टा? कुणाला लागतो का? तसं असेल तर आपण बदलू. अजून वेळ आहे."

सुमनताईंनी एकदा पुढं बसलेल्या नानासाहेबांकडे पाहिलं, एकदा मागं बायकांकडे. "तसं कोण न्हाई," त्या म्हणाल्या. "मी आपलं विचारलं." आणि खाली बसल्या.

परत येताना मी त्यांना म्हणालो, "सांगायचं होतंत की सरळ."

"काय सांगायचं होतं? घरमालकांनी सोताच्या बापाचा कट्टा दिला गल्लीसाठी. आणि मी उठून म्हणू, माझ्या नवऱ्याला बसायला जागा न्हाई, कट्टा ठेवा? सगळ्यांसमोर?" त्या मनगटावरची कणीक खरवडत चालल्या. "झाड तर ऱ्हातंय ना. खुर्ची टाकीन."

काम दिवाळीनंतर सुरू झालं आणि होळीच्या आधी संपलं. काम चांगलं झालं. खोटं कशाला बोलू? गल्लीतून आता म्हातारी माणसं सकाळी फिरतात. शाळेची मुलं फूटपाथवरून जातात. जयमालाची मुलगी सरळ गल्लीतून घरी येते, कारण बसायला जागाच नाही म्हटल्यावर ती पोरं दुसरीकडे गेली. उद्घाटनाला सुमनताईंनी सगळ्यांना शिरा केला. दीक्षानं त्यांच्यासोबत फोटो काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी करंजाखाली प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि काकांना बसवलं.

पाणी वाहून जावं म्हणून फूटपाथला गटाराकडे थोडा उतार देतात. द्यायलाच हवा. चालणाऱ्याला तो कळतही नाही. पण ज्याची एक बाजू लुळी आहे, त्याला खुर्चीत तो कळतो. काका हळूहळू उजवीकडे कलंडत जायचे. दर पोळीमागं सुमनताई बाहेर येऊन त्यांना सरळ करत. मी कंपनीतून रबराचे तुकडे आणून खुर्चीच्या दोन पायांखाली लावले. लेव्हल बरोबर आली. काका डाव्या हातानं माझ्या पाठीवर थोपटून म्हणाले, "...ब्बास." तेवढं मला कळलं.

पण सपाट फरशी आणि वर झाडाची सावली, म्हणजे मोटरसायकल लावायला त्याहून चांगली जागा नाही. कट्टा होता तोवर तिथं गाडी लागू शकत नव्हती. आता सकाळीच सहा-सात गाड्या लागू लागल्या. सुमनताई विनवायच्या, पोरं गाडी हलवायची, दुसऱ्या दिवशी दुसरी कुणाची तरी असायची. मग कुणीतरी तक्रार केली की नव्या खांबावरच्या दिव्याचा उजेड फांद्यांमुळे खाली पोचत नाही. माणसं आली आणि रस्त्याकडच्या फांद्या उतरवून गेली. सावली बुंध्यापाशी गोळा झाली. त्या सावलीत गाड्या आणि गाड्यांच्या मध्ये काका.

एका दुपारी एकानं घाईत गाडी मागं घेतली. हँडल खुर्चीला लागलं, खुर्ची उलटली. पडताना काकांनी जो हात टेकवला तो डावा, कारण त्यांच्याकडे तोच होता. मनगट मोडलं. गाडीवर जयमालाचा थोरला मुलगा होता. त्यानंच त्यांना उचललं, त्यानंच रिक्षा आणली, हाडाच्या डॉक्टरकडे तोच रात्रीपर्यंत बसून होता. घरी आला तेव्हा रडत होता. त्याला कोण काय बोलणार? सुमनताईंनी त्याला ताट वाढलं.

प्लास्टर चढलं आणि काका खोलीत अडकले. खांद्यावर ठेवायलाही हात उरला नव्हता. मार्चचा शेवट होता. पत्र्यावर आम्ही गोणपाटं टाकली आणि त्यांवर पाणी मारलं. नळाला पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे एक दिवस गोणपाटं ओली असत आणि एक दिवस वाळून कडक. काकांच्या पाठीवर घामोळ्या उठल्या. ते जेवेनात. दवाखान्यात सलाइन लावलं आणि डॉक्टर म्हणाले, यांना गार जागेत ठेवा. 

डबे बंद करायचा विचारही त्यांनी केला. दोन दिवस बंद ठेवून पाहिले. पण घरात येणारं तेवढंच होतं. एकुलती एक मुलगी विजयश्री सोलापूरला दिलेली, तिच्या सासरी सात माणसं. तिसऱ्या दिवशी शेगड्या पुन्हा पेटल्या.

मीच दीक्षाला फोन केला. ती लगेच आली, या वेळी आधी न कळवता. ऐन दुपारी सुमनताईंच्या दारात उभी राहिली. आत तव्यावर पोळी, कॉटवर काका, छातीवर ओला टॉवेल. तिच्याकडे उष्णता मोजायचं यंत्र होतं. तिनं ते पत्र्याकडे धरलं, आकडा बघितला आणि यंत्र पिशवीत टाकलं.

"ताई, काका तिथं बसायचे?" ती बाहेर बोट दाखवून म्हणाली. "रोज?"

"व्हय."

"मी तुम्हाला विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं."

"विचारलं होतं," सुमनताई म्हणाल्या. त्यांनी पोळी उलटली. "तुमी चांगल्या मनानं विचारलं. पर माझ्या तोंडून ते निघत न्हवतं. नवऱ्याला रस्त्यावर बसवती, हे कसं सांगायचं बाई, नकाशावर टिकली लावून?"

दीक्षा खाली बसली, फरशीवरच.  काका काहीतरी म्हणाले.

"काय म्हणतात?"

"पाव्हण्यांना पाणी दे म्हणतेत."

त्यानंतर दीक्षानं जे करता येईल ते सगळं केलं. संस्थेत भांडली. तिथं उत्तर मिळालं की काम पूर्ण होऊन हस्तांतरित झालं, या गल्लीचा निधी संपला. तेव्हा ती स्वतः बाक द्यायला तयार झाली. पण फूटपाथवर बाक टाकायचा तर काम सुरू होताना नेमलेल्या गल्लीच्या समितीनं हो म्हणायला हवं होतं. हा नियम तिनंच केला होता, लोकांना विचारल्याशिवाय काही होऊ नये म्हणून.

समिती पुन्हा पार्किंगमध्ये बसली. या वेळी दीक्षानं सगळं उघड सांगितलं. सुमनताई खाली मान घालून ऐकत होत्या. सगळ्यांना वाईट वाटलं, ते दिसत होतं. तरी थोड्या वेळानं जयमाला उठली. तिचा नेहमीचा तिखटपणा कुठं गेला होता कोण जाणे.

"सुमनताई, मी तुमच्या वाईटावर नाही. माझ्याच पोरानं काकांना पाडलं, मला झोप लागत नाही. पण बाक आला की संध्याकाळी ती पोरं परत येणार. माझी पोरगी आत्ता कुठं मोकळी चालायला लागलीय. तिला मी काय सांगू?"

सुमनताईंनी मान वर केली. "बरोबर हाय तुझं," त्या म्हणाल्या. "बाक नको."

दीक्षा काही बोलायला गेली, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"माझ्या पार्किंगात बसवा की दत्तोबाला," नानासाहेब म्हणाले. "सावली हाय, फॅन लावून देतो. परक्याचं का समजता?"

प्लास्टर निघेपर्यंत थांबून तेही करून पाहिलं. पार्किंग गल्लीच्या टोकाला. खोलीच्या दारातून ते दिसत नाही. काकांना लघवी लागली तर सांगायचं कुणाला, आणि कळणार कुणाला? तिसऱ्या दिवशी सुमनताई त्यांना आणायला गेल्या तेव्हा काका ओल्या कपड्यांत मान खाली घालून बसले होते आणि समोरून माणसं आपापल्या गाड्या काढत होती. मनगट आखडलं होतं, बोटं मिटत नव्हती. किल्ली ठेवायला दिली असती तरी हातातून पडली असती.

त्या रात्री त्यांनी गावी फोन लावला. चतुराबाईनं उचलला. दोघींचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पुढच्या रविवारी काकांचे थोरले भाऊ आणि चतुराबाई जीप घेऊन आले.

मला वाटलं होतं चतुराबाई टोमणे मारणार. ती खोलीत शिरली, एकदा पत्र्याकडे बघितलं, एकदा शेगड्यांकडे, आणि पदरानं काकांचं कपाळ पुसलं. "घरी वसरी हाय, लिंबाची सावली हाय," ती म्हणाली. "तू काळजी नगं करू. आन् तू बी चल की."

"मी आले तर ह्यांच्या गोळ्या कशावर येणार?"

 काकांना मी आणि जयमालाच्या मुलानं उचलून जीपमध्ये बसवलं. गल्ली गोळा झाली होती. सुमनताई सूचना देत होत्या, गोळ्या कुठल्या, भात मऊ, उजवा पाय रोज चोळायचा. काका त्यांच्याकडे बघत काहीतरी म्हणाले, दोनदा म्हणाले.

"व्हय, ऊन उतरलं की आणते परत," सुमनताईंनी उत्तर दिलं. जीप गेली. त्या आत येऊन कणीक मळायला बसल्या. रविवार होता, डबे नव्हते. अर्धी कणीक मळून झाल्यावर ते त्यांच्या लक्षात आलं.

ऊन उतरलं, पाऊसही येऊन गेला. गल्लीत पाणी साचलं नाही. यंदा डेंग्यूचा एकही पेशंट निघाला नाही. दीक्षाची संस्था आता दुसऱ्या वस्तीत काम करते. तिथं ती आधी फोन न करता जाते, आणि बायकांना 'कुठं बसता' असं विचारत नाही, 'मेथी कुठं निवडता' असं विचारते. तिनंच मला सांगितलं. सांगताना तिला त्याचा आनंद झालेला नव्हता.

काकांना परत आणायचं म्हटलं तर आणायचं कुठं? खोली तीच, पत्रा तोच. गावी ते बरे आहेत. वजन वाढलंय म्हणे. चतुराबाई रोज दुपारी फोन लावून त्यांच्या कानाला धरते. सुमनताई फोन स्पीकरवर ठेवून पिठाच्या डब्याला टेकवतात आणि पोळ्या लाटता लाटता बोलतात. काय जेवलात, पाय चोळला का, दाढी कोण करतं. पलीकडून काका काहीतरी सांगतात. कधी एकदाच, कधी पुन्हा पुन्हा, चिडून. फोनवर चेहरा दिसत नाही. चतुराबाईकडे साधा फोन आहे.

परवा मी डबा घ्यायला गेलो तेव्हा फोन चालू होता. काका बरंच काही बोलत होते. सुमनताईंचं लाटणं थांबलं होतं. फोन बंद झाला तशी त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुला काय वाटतं, काय म्हणत आसतील?"

 तव्यावरची पोळी काळी होत होती, ती मी चिमट्यानं काढून बाजूला ठेवली.